दवाखान्यातलं मराठी

महायुद्ध संपलं त्या सुमारास आमच्या निर्मळ गावच्या दवाखान्यात एक परदेशी नर्सबाई आल्या. मराठी त्या पेशंटांशी बोलताबोलताच शिकल्या, त्यामुळे ‘जीभ दाखव’, ‘पानी पी’, ‘घाबरू नको’ यापलीकडे त्यांना फारसं येत नसे. फादरांनाही त्या ‘जीभ दाखव’ म्हणत. रविवारी चर्चच्या दारात बूट काढून आम्हा बायकांबरोबर चटईवर बसत. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, लॅटिनमध्ये असे, ती त्यांना तोंडपाठ. प्रवचन मात्र मराठीत. आम्ही हसलो की त्या जरा उशिरा हसत.

ऑक्टोबरात आमच्या घरी रोजरीला, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेला, त्या आल्या. प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला सगळ्यांनी, असं दहा वेळा; मग दुसऱ्याची पाळी. बाईंची पाळी आली तशी माझी आत्या कुजबुजली, “त्यांना नको, कसं येनार?”

बाईंनी डोळे मिटून आपल्याच भाषेत सुरुवात केली आणि अर्ध्यावर थांबल्या. आम्हाला एक शब्द कळला नव्हता, तरी उरलेली प्रार्थना आम्ही आमच्या बोलीत पुरी केली. नऊ वेळा तसंच झालं. दहाव्या वेळी बाईंना आवाज फुटेना.

आत्या उठली, तांब्या घेऊन त्यांच्याजवळ बसली.

“घाबरू नको,” ती म्हणाली. “पानी पी.”