राहत्या पत्त्याचा पुरावा

ठाकुर्ली स्टेशनच्या पूर्वेला माझं फॉर्म भरायचं दुकान आहे. आधारमधल्या चुका, पॅन, उत्पन्नाचा दाखला, शाळेचे प्रवेश, पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले, सगळं. बाजूला झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं मशीन. वीस वर्षांत माझ्या हातून गेलेला एकही फॉर्म परत आलेला नाही, हे मी गिऱ्हाइकानं न विचारता सांगते. आणि खोटं मी लिहीत नाही. उत्पन्न जरा कमी दाखवा म्हणणाऱ्यांना मी दुकानाबाहेर काढलंय, त्यात माझा एक चुलत दीरही आहे. तो अजून लग्नकार्यात माझ्याकडे बघत नाही. न का बघेना.

असल्या बाईनं परदेशातल्या एका बिनपरवाना क्रिप्टो एक्स्चेंजवर खातं उघडलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय.

झालं असं की शहाडला नवीन इमारतीत घर बुक करायला आम्ही पैसे साठवत होतो. त्या एक्स्चेंजवर डॉलरच्या भावाला बांधलेलं एक नाणं मिळायचं, ते तिथंच ठेवलं तर बँकेपेक्षा बरंच जास्त व्याज. इथल्या नोंदणी झालेल्या एक्स्चेंजवर पॅन, आधार, टीडीएस अशी रांग होती. इकडे नुसता ईमेल आणि पासवर्ड. फॉर्मच नव्हता! जिथं फॉर्म नाही तिथं गडबड आहे, हे मी दुसऱ्या कुणालाही तोंडावर सांगितलं असतं. स्वतःला सांगायला समोर कुणी नव्हतं. नवऱ्याला मी 'एफडीसारखंच आहे' एवढं सांगितलं आणि त्यानं ते मान्य केलं. तो ठाण्याच्या कंपनीत शिफ्टला असतो, घरातले कागद माझ्याकडे.

शहाडची घाई एवढ्यासाठी की आमची राहती इमारत अनधिकृत होती. घेताना कळलं नव्हतं का? कळलं होतं. व्यवहार नुसत्या नोटरीवर झाला होता; नोटरी आणि नोंदणी यातला फरक मला नाही कळणार तर कुणाला? पण तेवढ्याच पैशांत तेवढंच मिळत होतं, आणि स्वयंपाकघराला मोठी खिडकी होती. माझ्या सासूबाईंनी उभा जन्म ठाण्याच्या चाळीतल्या मधल्या खोलीत काढलेला, तिला खिडकीच नव्हती. घर बघायला आल्या त्या दिवशी त्या खिडकीपाशी गेल्या, खाडीकडचा वारा अंगावर आला, आणि तिथंच भिंतीला टेकून बसल्या. सही मी त्यानंतर केली.

मग एके दिवशी बातमी आली की नोंदणी न केलेल्या परदेशी एक्स्चेंजवर सरकारनं बंदी आणली. साइट उघडेना. फोनमधलं ॲप उघडायचं, पण नुसतं पांढरं. दोन दिवसांनी ईमेल आला: भारतातल्या ग्राहकांनी ओळख आणि राहत्या पत्त्याचा पुरावा द्यावा, पुरावा नसलेल्या खात्यातून महिनाअखेरीनंतर पैसे काढता येणार नाहीत. खाली कागद चढवायची लिंक दिली होती, तेवढी मात्र उघडत होती. ज्यांच्याकडे स्वतःचा परवाना नाही ते माझ्याकडे पुरावा मागत होते. मी दुकानात एकटीच मोठ्यानं हसले. नंतर हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात महापालिकेची माणसं येऊन जिन्यात नोटीस चिकटवून गेली, शिवाय प्रत्येक खोलीला वेगळी, नावानिशी. बांधकाम विनापरवाना, खाली करा. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. आता एफडीचं खरं रूप नवऱ्याला सांगणं भाग होतं. तो डबा धूत होता. नळ बंद करून म्हणाला, "म्हणजे आपले पैसे अनधिकृत जागी अडकलेत, म्हणून आपण अनधिकृत जागी अडकलोय?"

"हो."

"आणि आई?"

पैसे निघाले नाहीत तर परत एखादी भाड्याची खोली, आणि आमच्या ऐपतीच्या खोल्या मी दोन दिवस बघून आलेले. त्यांच्या खिडक्या जिन्यात उघडत होत्या. मला स्वतःचा इतका राग आला की दुसऱ्या दिवशी तीन गिऱ्हाइकांवर विनाकारण खेकसले.

मग माझा फॉर्म परत यायला सुरुवात झाली. वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही स्वतःचा. ओळख म्हणून आधार दिला, तो पास झाला. पत्त्यासाठी पुन्हा आधार दिला, तर एकच कागद दोनदा चालत नाही. बँकेचं पासबुक दिलं, तर त्यावरच्या पत्त्यात रस्त्याचं नाव नाही. आमच्या इमारतीला रस्ता होता, पण त्याला नाव नव्हतं. मारुतीच्या देवळामागे, रिक्षा स्टँडच्या पुढे, एवढं सांगितलं की कल्याणपासून कोणीही येतो. गॅसचं पुस्तक सासूबाईंच्या नावावर. राहिलं लाइटबिल, तर ते आमच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावानं यायचं.

म्हणजे ज्या शेतात इमारत उभी राहिली त्या शेताचे मालक आजोबा तळमजल्यालाच राहायचे. आधी भात लावायचे, मग खोल्या. मीटर त्यांच्या वडिलांच्या नावावर होतं आणि वडील जाऊन तीसेक वर्षं झालेली. मी आजोबांकडे गेले, म्हटलं, मी इथं राहते असा एक दाखला द्या.

"कोनाला पायजे?"

"परदेशातल्या कंपनीला."

"ते लोक मना वलखत नाय काय?" आजोबांना खरंच नवल वाटलं. मग त्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं, की ही बाय आमचे शेतान ऱ्हाते, चांगली हाय. खाली सही. असा दाखला मला आजवर कुणी दिला नाही. मी तो स्कॅन करून पाठवला. तिकडून उत्तर आलं, दाखल्याबद्दल आभार, परंतु कागद सरकारी असावा, तीन महिन्यांच्या आतला असावा आणि त्यावर तुमचं पूर्ण नाव व पत्ता असावा.

उत्तर देणारं माणूस होतं की यंत्र, कळायला मार्ग नव्हता. दर वेळी आभार मानायचं आणि दर वेळी नाही म्हणायचं.

महिना संपायला चार दिवस होते. मी जेवता जेवता वैतागून म्हटलं, तीन महिन्यांच्या आतला सरकारी कागद, त्यावर माझं नाव, खोली नंबर, आता आणू कुठून?

सासूबाई म्हणाल्या, "आहे की. परवाच आलाय."

आणि उठून कपाटातून नोटीस घेऊन आल्या.

मी ती आधी घाबरून धड वाचलीच नव्हती. आता वाचली. घर माझ्या नावावर असल्यानं नोटीसही माझ्या नावानं. माझं नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव, एकही काना-मात्रा चुकलेला नाही. खोली क्रमांक, मजला, सर्व्हे नंबर, मारुतीच्या देवळामागे, गाव, तालुका कल्याण, जिल्हा ठाणे, पिनकोड. जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का, सही. फॉर्म भरणारी बाई आहे मी, मला तो कागद आवडला. आमच्या घराचा इतका नीट कागद आमच्याकडे दुसरा नव्हता.

फक्त तो चकचकीत होता. मी खोल्या बघत हिंडत होते तेव्हा सासूबाईंनी माझ्या दुकानात जाऊन स्वतःच त्याला लॅमिनेशन केलं होतं.

"अहो आई, नोटिशीला कोण लॅमिनेशन करतं?"

"सरकारी कागद आहे. भिजला बिजला तर?"

चूक त्यांची नव्हती. आमच्या घरात सरकारी शिक्क्याचा कागद आला की त्याच दिवशी मशीनमध्ये जातो, हा नियम मीच घातलेला. लॅमिनेशन उलटं होत नाही, हेही मीच गिऱ्हाइकांना सांगते. जिन्यातली नोटीस कुणीतरी फाडून टाकली होती. मी फोटो काढला, पाठवला. उत्तर आलं: आभार, कागद चकाकतो आहे.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या खिडकीत आमचा उद्योग सुरू झाला. उजेड हवा पण चकाकी नको. सासूबाई काळी छत्री उघडून उभ्या, नवऱ्यानं नोटीस ओट्यावर सपाट धरलेली, मी छत्रीखाली वाकून फोन धरलेला. छत्रीच्या काड्या त्याच्या कानाला लागत होत्या. खालून आजोबांनी ओरडून विचारलं, घरान छत्री कशाला गो? घर पाडायच्या हुकमाचा चांगला फोटो यावा म्हणून आम्ही तिघं जिवाचं रान करत होतो. अठरावा फोटो साफ आला.

उत्तर आलं: आभार, कागद स्पष्ट आहे, कृपया इंग्रजी भाषांतर जोडा.

इथं मी अडले. नवरा म्हणाला, "घर आहे, एवढंच लिही. त्यांना कुठं मराठी येतंय?" मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मी शब्दाला शब्द लिहिलं: सदर बांधकाम अनधिकृत असून ते पाडण्यात येईल, सबब सदर जागा आपण खाली करावी. पाठवलं आणि देव्हाऱ्यासमोर न बसता पंख्याखाली बसले.

वीस मिनिटांत ईमेल आला. अभिनंदन! तुमच्या राहत्या पत्त्याची पडताळणी यशस्वी झाली आहे.

खाली पैसे काढायची लिंक होती. आम्ही ती नाणी इथल्या नोंदणी झालेल्या एक्स्चेंजवर आणली, विकली, टीडीएस कापू दिला, रिटर्नमध्ये सगळं दाखवलं. शहाडचं घर बुक झालं. खिडकी आहे. समोर दुसऱ्या इमारतीची खिडकी आहे.

नोटीस सासूबाईंनी नव्या घरी सोबत आणली. जुनी इमारत पाडली त्या दिवशी आम्ही गेलो नाही. आजोबा मात्र खुर्ची टाकून बसले होते म्हणे.

त्या परदेशी खात्यात चिल्लर काहीतरी उरलं होतं, मी विसरूनही गेले होते. गेल्या महिन्यात त्यांचा ईमेल आला, वार्षिक तपासणीचा. आपण अजून याच पत्त्यावर राहता का? खाली माझा जुना पत्ता, मारुतीच्या देवळासकट. मी 'नाही' दाबलं. कारण निवडा, म्हणाले: विकलं, भाडेकरार संपला, इतर. पाडलं, असा पर्याय नव्हता. 'इतर' दाबल्यावर एक चौकोन उघडला, दोनशे अक्षरांचा, थोडक्यात माहिती द्या म्हणून. मी लिहिलं, घर अनधिकृत होतं म्हणून पाडण्यात आलं. आणि मग माझं बोट पुढं जाईना. डोळ्यांत पाणी आलं, त्याचा मला रागही आला.

सासूबाई शेजारी भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "काय गं, काय मागतायत आता?"

"जुन्या घराची माहिती."

"मग लिही की," त्या म्हणाल्या, "हवेशीर होतं म्हणावं."

बरीच अक्षरं शिल्लक होती. मी तेही लिहिलं.