हळद लागलेली मोटार

आमच्या वडिलांनी मोटार घेतली ती माझ्या लग्नासाठी. भोरात वकिली करणाऱ्या माणसाने लेकीला बैलगाडीतून सासरी न्यायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना. पुण्यातल्या एका गृहस्थाची वापरलेली मोटार त्यांनी आणली. दिसायला झकास. पुढच्या, इंजिन गार ठेवणाऱ्या टाकीचं झाकण उघडलं तर आत पाणी पिवळंधमक. आई हरखली. "गाडीला आतूनसुद्धा हळद वाहिलीय हो. माणूस देवाधर्माचा दिसतो," म्हणाली. वडिलांनी मान डोलावली आणि वर आणखी एक नारळ फोडला. धन्य ती दोघं.

लग्न वेल्ह्याला, मुलाच्याच दारी होतं, कारण त्याच्या आजीला प्रवास झेपत नव्हता. मुहूर्त गोरज. बाकीचं वऱ्हाड आदल्या दिवशीच बैलगाड्यांनी पुढे गेलेलं. सकाळी मला हळद लागली आणि आम्ही तिघं मोटारीत बसलो. नवरी मोटारीतून येणार, असे वडिलांचे निरोपांवर निरोप व्याह्यांना जाऊन पोचले होते.

नसरापूर मागे पडलं, वेल्हं तीनेक कोसांवर राहिलं, तेव्हा चढ लागला आणि मोटार फुसफुसायला लागली. वाफच वाफ. वडिलांनी ओढ्याचं पाणी आणून टाकीत ओतलं, ते वरून ओतावं तसं खालून गळू लागलं. आईने गळणारा थेंब बोटावर घेतला, चोळला, हुंगला.

"अहो, ही वाहिलेली नाही, कोंबलेली हळद आहे. भोक बुजवलंय मेल्यानं."

मी हसत सुटले. पण ऊन कलायला लागलं तसं हसू आटलं. मुहूर्त टळला तर लोक मोटारीला नव्हे, मला पांढऱ्या पायाची म्हणणार होते. तेवढ्यात मागून कडब्याने भरलेली बैलगाडी आली. "बसा की वर. बैल पोचवत्यात येळंवर," गाडीवान म्हणाला.

वडील हलेनात. "मोटार टाकून कसं जायचं? अजून एक घागर ओतून बघू."

माझं डोकंच फिरलं. "मग बसा तिच्याच उशाशी. हळद तिलाही लागलीच आहे, कन्यादानसुद्धा तिचंच करून टाका."

आईने पदर तोंडाला लावला. अंगातला कोट काढून वडिलांनी कडब्यावर अंथरला आणि मला हात देऊन वर चढवलं. वाटभर मी मोटारीच्या नावाने बोटं मोडत होते.

पोचलो तेव्हा भटजी घटिकापात्राकडे बघत बसलेले. मांडवाच्या दारात व्याही पुढे आले. "वकीलसाहेब, मोटार कुठाय?"

सगळा मांडव वडिलांकडे बघायला लागला. वकीलच ते, आता काहीतरी मखलाशी करणार म्हणून मी धास्तावले.

"मोटार वाटेत राहिली," ते म्हणाले. "पोरगी वेळेवर आणलीय." आणि वळून माझ्या केसांतली कडब्याची काडी काढायला लागले. ती काडी काही लवकर निघेना. वाटभर तोंड सोडणारी मी, अंतरपाट धरायच्या आधीच ढसाढसा रडले.