सुजाताचा मेलेला चेअरमन

२०२५ साली मला त्र्याहत्तरावं चालू होतं. त्या साली पावसाळा सरता सरता माझी भाची सुजाता गेली. दवाखान्यातून तिच्या ऑफिसातल्या हरप्रीतचा फोन आला. "मामाजी, पहले आप बैठ जाइए," म्हणाली. मी म्हटलं, जे असेल ते बोल. बोलली... पुण्यानुमोदनाला लोक सुजाताच्या हुशारीबद्दल, नोकरीबद्दल चांगलं बोलले. मलाही दोन शब्द बोला म्हणाले, पण मी नको म्हटलं. चौथी शिकलेला माणूस मी, आणि मला जे सांगायचं होतं ते एका खेळाबद्दल होतं. सभेत ते कुणाला कळलं नसतं. आता दोन महिने झाले, तर बसून लिहितो.

गुडगावला नोकरी लागली तेव्हा "दोन महिने राहते, मामा" म्हणून ती वर्ध्याहून आमच्याकडे फरीदाबादला आली, आणि अकरा वर्षं राहिली. माझी बायको गेली त्यानंतर या घरात भांडायला आम्ही दोघंच उरलो. रविवारी दुपारी तिचे चार मित्रमैत्रिणी यायचे. टेबलावर वीस बाजूंचे फासे, नकाशे, वह्या. खेळ असा की सुजाता गोष्ट सांगायची, बाकीचे गोष्टीतली माणसं व्हायचे, काय करायचं ते आपापलं ठरवायचे, आणि जमलं की फसलं ते फासा सांगायचा. चांगली पगारदार, तिशी-चाळिशीची माणसं. मी चहा करायचो आणि नावं ठेवायचो. एकदा ऐकलं की गोष्टीतला दुष्ट माणूस म्हणजे एका कंपनीचा चेअरमन आहे, आणि तो शंभर वर्षांपूर्वी मेलेला आहे तरी रोज ऑफिसात येतो. मी कप आपटला. म्हटलं, "आपल्या घरात भूतखेत मानत नाहीत. बापानं तुझ्या देव्हारा काढला आणि तू मढी बसवतेस?"

"मानायचं कुठे आहे मामा, खेळायचंय," ती म्हणाली. "आणि चहात साखर टाकायला विसरलात."

तो चेअरमन तिला जमत नव्हता. त्याने सैतानाशी करार केला म्हणून तो मरत नाही, असं तिने लिहिलं होतं, आणि हरप्रीतने तोंडावर सांगितलं होतं की यार, ये तो हर कहानी में होता है. दोन-तीन दिवसांनी मटार सोलताना तिने मला विचारलं, "मामा, तुम्ही तीस वर्षं फॅक्टरीत काढलीत. असला मालक मेल्यावरही का मरत नाही, सांगा बरं."

"मालकाला सैतान कशाला लागतो?" मी म्हटलं. "कार्ड पंच करणारा एक माणूस मिळाला की झालं."

बोलून गेलो. मग सांगावं लागलं. आमच्या गेटवर घड्याळाचं मशीन होतं, येताना-जाताना त्यात कार्ड घातलं की वेळ उमटायची. किशन नावाचा एक जण सकाळी अकराला प्रेस मशीनमध्ये सापडून जागच्या जागी मेला. सुपरवायझरने त्याचं कार्ड एकाच्या हातात दिलं, म्हणाला, दोनचं पंच मार. त्याने मारलं. म्हणजे कागदावर मेलेला किशन दोन वाजता ड्युटी सोडून चालत बाहेर पडला. संध्याकाळी तो नाल्याजवळ रस्त्यावर सापडला, आणि दारू पिऊन ट्रकखाली आला असं ठरलं. किशन दारूला शिवत नव्हता.

सुजाताचे हात थांबले होते. "तो पंच मारणारा आता कुठे असतो?"

"असेल कुठेतरी."

"आणि किशनची बायको?"

"रामकली? बल्लभगढला, मुलाकडे. जुन्या बाजाराच्या मागची गल्ली, निळं दार."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पुन्हा मटार सोलायला लागली. तिला तिथेच कळलं होतं. सदतीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. सुपरवायझरपुढे मान न झुकवणारा म्हणून मी युनियनमध्ये मिरवलो, आणि याच हाताने ते एक कार्ड मशीनमध्ये घातलेलं...

आठवड्याभरात तिने चेअरमन नवा लिहिला. तो मुळात कामगार. मशीनवर मेला, पण कुणीतरी त्याचं कार्ड पंच केलं, म्हणून तो मेलाच नाही. थकत नाही, घरी जात नाही, सुटी मागत नाही. अशा माणसाला कंपनी वर चढवणारच. चढत चढत चेअरमन झाला. आपण मेलोय हे त्याला स्वतःला माहीत नाही. तलवार चालत नाही, मंत्र चालत नाही. ज्याने कार्ड पंच केलं त्यानेच येऊन सांगायला हवं. "त्या माणसाचं काम तुम्ही करा, मामा," ती म्हणाली.

"माझी थट्टा मांडलीस?" म्हटलं, आणि पंधरा दिवस तिच्याशी बोललो नाही. वेगळं ताट घेऊन बाल्कनीत जेवायचो. तिने मनधरणी केली नाही. फक्त खेळात चेअरमनला तसाच वरच्या मजल्यावर बसवून ठेवला. पोरं दर रविवारी दुसरीच कामं करायची. कंटाळून विचारायची तेव्हा म्हणायची, "कार्डवाला आएगा. जल्दी क्या है?"

घाई तिलाच होती. तिचं पोटाचं दुखणं हिवाळ्यात निघालं. पुढचे आठ-नऊ महिने दवाखाना आणि घर. शेवटचं घरी आणलं तेव्हा खुर्चीत उशा लावून बसायची. त्या रविवारी सगळे आले. मी चहा ठेवला आणि परत स्वयंपाकघरात न जाता रिकाम्या खुर्चीत बसलो. सुजाताने वही मिटली आणि चेअरमनच्या आवाजात, तिचा आवाज तेव्हा उरलाच किती होता, मला विचारलं, "मैं दो बजे घर के लिए निकला था. पहुँचा क्यों नहीं?"

"तू निकला ही नहीं, किशन," मी म्हटलं. "ग्यारह बजे प्रेस पर ही मर गया तू. दो का पंच मैंने मारा. तूने पी नहीं थी."

हरप्रीत हळूच म्हणाली, "मामाजी, चेअरमन का नाम तो..." सुजाताने हाताने तिला थांबवलं. तिचे डोळे माझ्यावरून हलले नाहीत.

"यह मेरे घर में किसी को मालूम है?"

"नहीं."

"तो फिर मैं घर कैसे जाऊँ?"

एकाने सवयीने फासा उचलला. "रख दो, इसमें नहीं लगता," ती म्हणाली, आणि त्या दिवशीचा खेळ तिने तिथेच थांबवला. सगळे गेल्यावर मला एवढंच म्हणाली, "मामा, खिचडी पातळ करा." एक शब्द जास्त नाही. माणसाला त्याच्या मानासकट कबूल करू देणं हे मी कुठल्या शाळेत शिकलो नव्हतो, ते या पोरीने माझ्याच टेबलावर शिकवलं. तिचे उपकार मानायला मला उशीर झाला, पण ते आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी केली, शर्टाला इस्त्री केली आणि बल्लभगढला जाऊन ते निळं दार वाजवलं. रामकलीने ओळखलं नाही. नाव सांगितलं, मग अकराचं आणि दोनचं सांगितलं. ती चौकट धरून ऐकत राहिली. झाल्यावर आत वळून मुलाला हाक मारली. पंचेचाळिशीचा माणूस, केस पिकलेले, तोंडात ब्रश तसाच. ती मला म्हणाली, "अब इसके सामने बोलो. इसको सारी उमर सबने शराबी का बेटा कहा है."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.