पुण्याहून आलेली पार्टी

"पार्टी एकदम शांत आहे हो. भिंत समजा," ब्रोकर फोनवर कुणाला तरी सांगत होता. मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. पार्टी म्हणजे मी.

नाहूर स्टेशनच्या बाहेरची ही आमची दुसरी भेट. पहिल्यांदा त्याने मला कांजूरमार्गला एक खोली दाखवली होती. तिच्या खिडकीसमोर दुसऱ्या बिल्डिंगची खिडकी इतकी जवळ होती, की तिथल्या बाईने मला चहा घेणार का विचारलं. त्याच्या मते हा शेजार चांगला असल्याचा पुरावा होता.

मला खोली हवी होती कारण दादाचं लग्न झालं आणि आतली खोली त्या दोघांची झाली. मी हॉलमध्ये झोपते. बाबांच्या बातम्या संपल्या की माझी झोप सुरू होते. ऑफिसचे कॉल मी बाथरूममध्ये उलट्या बादलीवर बसून घेते, आणि दर दहा मिनिटांनी कुणीतरी कडी वाजवतं. भाड्याने घर घेऊन एकटं राहायचं ठरवलंय, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तशी आमच्या घरात थेट सांगायची पद्धतच नाही. बाबांना मला काही विचारायचं असलं, तर ते माझ्यासमोर बसून आईला विचारतात.

ब्रोकरचाही तसाच नियम होता. टोकनचे पैसे हातात पडेपर्यंत बिल्डिंगचं नाव सांगायचं नाही, मालकाचं नाही. "सांगितलं की लोक डायरेक्ट जातात, मॅडम. मग मी काय हवा खाऊ?" मालकांनाही तो माझं नाव सांगत नसे. ते दुबईला असतात आणि त्यांच्या मिसेस खास मला भेटायला येणार आहेत, एवढंच त्याने सांगितलं.

तो पुढे, मी मागे. पिठाची गिरणी गेली, मेडिकल गेलं, आणि तो वळला तो आमच्याच सोसायटीच्या मागच्या गेटमध्ये. इथल्या ए विंगमध्ये मी जन्मापासून राहते. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण तो सांगत होता, "पाणी चोवीस तास," आणि मी मान डोलावली. आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास येतं.

गेटवर वॉचमन होता. दर दोन दिवसांनी तोच माझी पार्सलं माझ्या हातात देतो.

"पार्टी आहे, पुण्याहून," ब्रोकरने ठोकून दिलं.

वॉचमनने माझ्याकडे पाहिलं, मग ब्रोकरकडे. मग रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि स्वतःचं पेनही दिलं. 'कोठून आलात' खाली मी पुणे लिहिलं. त्याने ते नीट वाचलं आणि पुढे सही केली.

घर डी विंगमध्ये, दुसऱ्या मजल्यावर होतं. एक खोली, छोटंसं स्वयंपाकघर. दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक नवीकोरी गादी. मी खिडकीपाशी उभी राहून टेबल कुठे ठेवायचं ते ठरवत होते, तेवढ्यात मालकीणबाई आल्या.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू. ए विंगमधून डी विंगमध्ये यायला त्यांनी इस्त्रीची साडी नेसली होती आणि खांद्याला प्रवासाची पर्स होती, जणू थेट दुबईहून आल्या होत्या. मला पाहून त्या दारातच थांबल्या. ही खोली कॅनडातला मुलगा परत आला की त्याच्यासाठी, असं त्या गेली सहा वर्षं सगळ्या सोसायटीला सांगत आल्या होत्या.

"ही पार्टी," ब्रोकर म्हणाला, "आणि ह्या मॅडम."

"नमस्कार," काकू म्हणाल्या.

"नमस्कार," मी म्हणाले.

काकू खुर्चीवर बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि ब्रोकरकडे वळल्या. "शाकाहारी आहेत का, विचारा."

"प्युअर व्हेज," ब्रोकरने मला न विचारताच सांगितलं.

रविवारी आमच्या घरून काकूंकडे मासळीबाजारातून आणलेल्या तिसऱ्यांच्या सुक्याची वाटी गेली होती. ती द्यायला मीच गेले होते.

"आणि घरच्यांना माहीत आहे का?"

ब्रोकर माझ्याकडे वळला. "घरच्यांना माहीत आहे ना?"

"अजून सांगायचंय," मी त्याला म्हणाले.

"घरचे एकदम राजी आहेत," त्याने काकूंना सांगितलं.

काकूंनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. "त्यांच्या आईचे गुडघे कसे आहेत, विचारा."

ब्रोकर जरा थबकला, पण कामात पक्का माणूस. "मॅडम, आईचे गुडघे?"

"जिना चढताना दुखतात."

"गुडघे ओके," तो काकूंना म्हणाला. "आणि इथे लिफ्ट आहेच."

आता माझी पाळी होती. प्रश्न मी त्यालाच केला, कारण काकूंकडे पाहून मला तो विचारता आला नसता. "त्यांचा मुलगा परत आला तर मला घर सोडावं लागेल का?"

"मुलगा कुठला? दुबईला तर साहेब असतात," ब्रोकर म्हणाला.

काकू त्या गुंडाळलेल्या गादीकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्यांना सांगा, तो यायचा नाही. त्याने तिकडेच घर घेतलं."

ब्रोकरचा चेहरा खुलला. "मॅडम, लाँग टर्म. टेन्शन नाही."

मला काकूंना पाणी द्यावंसं वाटलं, पण घरात भांडं नव्हतं. त्यांनी पदराने नाक टिपलं आणि आवाज सावरला.

"आता शेवटचं विचारा. उद्या जिन्यात त्यांची आई मला भेटेल. तिला हे कोण सांगणार?"

ब्रोकर गोंधळून माझ्याकडे वळला. "अहो मॅडम, तुमची आई यांच्या जिन्यात कशाला—"

मी त्याच्या बाजूने पुढे झाले आणि काकूंसमोर उभी राहिले.

"काकू, आईला मीच सांगते, आत्ता घरी जाऊन. घर मला द्या."