ज्वारीच्या मुळांतली दारं

"ताई, लवकर या. सरांचं डोकं फुटलंय." भूपालच्या सहकाऱ्याचा फोन आला तेव्हा मी शिरोळच्या घरी शेंगा निवडत होते. कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचले तोवर त्याला आत नेलं होतं. बाहेर बाकावर त्याचा शर्ट पडला होता, रक्तानं कडक झालेला...

भूपाल माझा धाकटा भाऊ, वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. लहानपणापासून डोक्यात राख घालून घेणारा. कॉलेजात असताना त्यानं एकाचा दात पाडला होता. पण ज्वारीचं मूळ धुताना हाच माणूस श्वास रोखून धरायचा. मुळाच्या पेशींच्या पडद्यात प्रथिनांची अगदी बारीक दारं असतात, त्यांतून पाणी आत येतं, असं त्यानं मला समजावलं होतं. माती वाळायला लागली की काही वाण ती दारं मिटून घेतात. असे वाण तो शोधत होता. "अक्का, झाडाला पळता येत न्हाय," तो म्हणायचा, "दार लावून घेणं तेवढं त्याच्या हातात हाय."

कागलच्या पुढे त्यानं थोडं रान खंडानं घेतलं होतं. देवळाच्या पारावर बसून तो गावकऱ्यांनाही हेच सांगायचा. यंदा उन्हाळ्यात बोअर आटले आणि त्याच्या सांगण्याचं भलतंच झालं. प्रोफेसरची ज्वारी जमिनीखाली दारं उघडून सगळ्यांचं पाणी ओढते, असं लोक बोलू लागले. शेजारच्या मारुतीचा ऊस उभा वाळला होता. तो भावाला घेऊन ट्रॅक्टरसकट रानात शिरला आणि रोटर फिरवून उभं पीक मातीत घालायला लागला. चार वर्षांच्या मेहनतीची ज्वारी आडवी होताना भूपालनं पाहिली. त्यानं कुदळ उचलली. मारुतीचा हात कोपरापासून मोडला. मग मारुतीच्या भावानं मागून पहार घातली.

भूपाल आणि मारुती, दोघंही एकाच दवाखान्यात होते. जिन्यात मारुतीची बायको मला आडवी आली. "आधी तुमच्या भावानं मारलं की," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं, "आणि शेवटी तुमच्या दिरानं."

तिच्या पदराला नवऱ्याचं रक्त होतं, माझ्या हातातल्या शर्टाला भूपालचं.

भूपाल एकदाच शुद्धीवर आला. मला वाटलं, आईविषयी विचारेल. त्यानं विचारलं, "मुळं काढली काय?" मी तशीच रानात गेले. रोटरनं चिरलेल्या ढेकळांतून, वाळलेल्या रक्ताच्या डागांतून, हाताला लागतील तेवढी मुळं उपसली. त्याच्या सहकाऱ्यानं ती धुऊन, चांदीच्या कागदात गुंडाळून दिली आणि म्हणाला, "तपासणीला नेईपर्यंत बर्फात ठेवा, वितळू देऊ नका." परत आले तेव्हा भूपाल गेला होता.

मुळं आमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात आहेत. आई कडक जैन. बटाटा, कांदा, कुठलंच कंदमूळ तिनं जन्मभर उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मूळ उपटायचं म्हणजे असंख्य जीव मारायचे, यावरून मायलेकांचं कायम वाजायचं. तिला कसं सांगावं, या विचारात मी होते. परवा दुपारभर वीज नव्हती. स्वयंपाकघरात गेले तर आईनं आपली गोधडी फ्रीजभोवती घट्ट लपेटली होती आणि दाराला पाठ लावून ती खाली बसली होती.

"उघडू नकोस," ती म्हणाली. "गार ऱ्हाऊ दे त्याला."