थंडीतली उन्हाळी

कळमनुरीच्या माळावर मेंढरं चारणाऱ्या मसाजीला एक्केचाळीस सालच्या चैत्रात पहिल्यांदा लाल लघवी झाली. दुखलं न्हाई, जळजळलं न्हाई. "उन्हाळी लागली," म्हणून बनाबाईनं नवऱ्याला धन्याचं पाणी पाजलं. चार दिवसांत लघवी निवळली. भादव्यात पुन्हा लाल, पुन्हा धने, पुन्हा निवळली. बनाबाईच्या धन्याच्या पाण्याचं माळभर नाव झालं.

पौषात मेंढरं कुडकुडत होती, त्या थंडीत मसाजी लघवीला बसायचा तो परसातला पांढरा धोंडा लाल झाला.

"काहून गं, तुझी उन्हाळी घोंगडी पांघरून आली का?" मसाजी म्हणाला.

बनाबाईला हसू आलं न्हाई. थंडीत उन्हाळी कशी लागंल? तिनं मसाजीच्या बरगडीखाली हात फिरवला तर कवठाएवढी टणक गाठ लागली.

हिंगोलीहून आगगाडीनं दोघं हैदराबादला गेली. तिथला डॉक्टर म्हणाला, "एका गुर्द्यात, म्हणजे मूत्रपिंडात, सरतान आहे, कर्करोग. गुर्दा काढणं हाच इलाज. दुखलं नाही म्हणून गाठ एवढी वाढली. तिचं बीज रक्तातून छातीत गेलं असेल, तर माझ्या हाती काही नाही."

"एका गुर्द्यावर माणूस जगतं का?" बनाबाईनं विचारलं.

डॉक्टरच्या आधी मसाजीच बोलला, "आपली कानतुटकी मेंढी कापली तवा एकच गुर्दा निघाला व्हता. पाच येळा व्याली ती. मी काय मेंढीपरीस हलका हाव?"

"मेंढी लाल मुतली असती तर तुमी तिला पहिल्याच दिशी वैदाकडं नेली असती," बनाबाई म्हणाली अन् तोंडाला पदर लावून बसली.

कूस फाडून गुर्दा काढला. दीड महिन्यानं मसाजी घरी आला, काठी टेकत मेंढरांमागं जाऊ लागला. बनाबाई रोज सकाळी त्याला त्याच धोंड्यावर बसवायची अन् वाकून बघायची. जेठ गेला, आखाड गेला. धोंडा पांढराच. धन्याचं गाडगं तिनं शेजारणीला देऊन टाकलं.

भादव्यात मसाजीला खोकला लागला.

"मेंढरांची धूळ गेली असंल नाकात," तो म्हणाला.

आठ दिवस पाऊस लागून राहिला होता. माळावर धूळ नव्हतीच. तरी बनाबाई म्हणाली, "व्हय, धूळच असंल."

सकाळी ती धोंड्याकडं बघायला वाकली. लघवी पाण्यासारखी निर्मळ होती. मसाजी खोकला, बाजूला थुंकला. धोंड्याच्या कडेला लाल पडलं.