मामाच्या मशीनवरचं माझं नाव

काल सकाळी आमचा दत्तूमामा गेला.

मी चोर आहे, हे फक्त त्यालाच माहीत होतं.

माझ्या प्रोफाइलवर कॉलेजमधला बक्षिसाचा फोटो आहे ना? एका जुन्या टीव्हीशेजारी ट्रॉफी धरून उभी आहे तो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लाइक केलाय. त्याच्याबद्दल बोलतेय.

मामा टोकावड्याचा. शिक्षण आयटीआय. मुरबाडच्या एमआयडीसीत एका कंपनीत मशीनं दुरुस्त करायचा. सुट्टीच्या दिवशी शेत, आणि शेतातून आला की पाय धुवून कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर म्हणजे तुम्हाला वाटतो तसला नाही. माझ्या जन्माआधीचा, कीबोर्डच्याच पोटात सगळं असलेला, टीव्हीला वायर लावून चालवायचा. कल्याणचा कुठला तरी क्लास बंद पडला, तिथून मामा तो एसटीत मांडीवर घेऊन आला होता.

मेमरी चौसष्ट केबी. व्हॉट्सॲपवरचा एक गुड मॉर्निंगचा फोटोसुद्धा धड मावणार नाही त्यात.

असल्या खेळण्यावर मामाने युनिक्स चालवलं, मोठमोठ्या सर्व्हरवर चालते ती सिस्टिम.

म्हणजे युनिक्ससारखी एक छोटी सिस्टिम. जगात कुठे कुठे हौशी लोक ती अशा जुन्या मशीनवर बसवतात. मामाने नेटवरून तिचा कोड उतरवला, डिक्शनरी शेजारी ठेवून वाचला, मेमरी कार्ड जोडायला स्वतः सर्किट सोल्डर केलं. दोन पावसाळे गेले त्यात.

मामीचं लॉगिन वेगळं, माझं वेगळं. इंग्रजी मेसेज काढून त्याने आपल्या बोलीतले टाकले होते, रोमन अक्षरांत. लॉगिनला यायचं, "कोन?" चुकीची कमांड दिली की, "असा काय नाय." दुसऱ्याची फाइल उघडायला गेलं की, "हात नको लावू."

मामी म्हणायची, "हा मशीन पन तुमच्यासारखाच खेकसतो."

एक कॉम्प्युटर एकाच वेळी चार कामं कशी करतो, हे मला एमसीएच्या वर्गात कधी कळलं नाही. मामाने चुलीकडे बोट दाखवलं.

"तुझी मामी एकच हाय ना? भात ठेवला, तवर भाकर थापते, मधीच डाल ढवलते. आपल्याला वाटतं सगला एकदम चाललाय. तसाच हाय."

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट द्यायचा होता आणि माझं काहीच झालं नव्हतं.

मामा म्हणाला, "हाच ने ना गो. मी समजावतो तुला."

समजावलं त्याने. चार रविवार बसून.

मग मी त्याचं मेमरी कार्ड घरी आणून काय केलं? सगळे मेसेज परत इंग्रजी केले. मशीन सुरू होताना "दत्तू, टोकावडे" अशी ओळ यायची. तिथे माझं नाव टाकलं.

पहिल्या वर्षाला मी वर्गात "आमी नाय केला" म्हणाले होते. नंतर वर्षभर पोरं मला "आमी नाय" म्हणूनच हाक मारायची. त्याची धास्ती बसली होती. पण मामाचं नाव खोडायला कोणी सांगितलं होतं? ते माझंच डोकं.

परीक्षेच्या दिवशी मामा रजा टाकून आला. जीपने मुरबाड, तिथून एसटीने कल्याण. मशीन पिशवीत, टीव्ही हातांवर, अंगात इस्त्रीचा शर्ट.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी विचारलं, "हे कोण?"

मी म्हणाले, "सामान घेऊन आलेत."

मामा माझ्या मागेच उभा होता.

जराही थांबला नाही तो. म्हणाला, "मॅडम, टीव्ही कुठं ठेवू?"

मला. मॅडम.

टीव्ही ठेवला, वायरी जोडल्या आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसला. मी माझं कार्ड घालून मशीन सुरू केलं. स्क्रीनवर माझं नाव आलं. दार उघडंच होतं, त्याला दिसलं असणार.

पहिलं बक्षीस मिळालं. त्याच्या जोरावर नोकरीही लागली. मुलाखतीत मामाचं चुलीचं उदाहरण दिलं, फक्त चुलीऐवजी गॅस म्हणाले.

त्या दिवशी परतताना एसटीत मामा एवढंच बोलला, "बरा झाला. पास झालीस."

पुढे कधी विषयच काढला नाही. तो शिव्या घालेल म्हणून मी वाट बघत राहिले. घातल्या असत्या तर रडून पाय धरले असते आणि मोकळी झाले असते. मग मीच टोकावड्याला जायचं कमी केलं. दिवाळीला फोन करायचा, काम खूप आहे म्हणायचं. तो म्हणायचा, "असू दे गो. नोकरी सांभाल."

काल छातीत दुखायला लागलं. मुरबाडला पोचेपर्यंत संपलं सगळं.

दुपारी अंगणात माणसं बसली होती. त्याच्या कंपनीतला एक जण म्हणाला, "दत्तूचं डोकं कॉम्प्युटरमध्ये भारी चालायचं."

मामी रडत होती. माझ्याकडे हात करून म्हणाली, "त्यांना कुठं येत होता? हिनं शिकवला. ते सोताच सांगायचे सगल्यांना, भाचीनं शिकवला म्हनून जमला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कौतुकाने.

आणि मी मान खाली घातली. मामा समोर होता, पांढऱ्या कपड्यात, आणि मी परत गप्प बसले.

लाज वाटते मला.

मामी, पोरं तुला हे वाचून दाखवतील. मी मामाला काहीही शिकवलं नाही. एक ओळसुद्धा नाही. त्याने मला शिकवलं, आणि माझी अब्रू झाकायला तो तुझ्याशी इतकी वर्षं खोटं बोलला. दहाव्याला येईन तेव्हा सगळ्यांसमोर हेच सांगेन. त्यानंतर तू मला घरात घेतलं नाहीस तरी माझी तक्रार नाही.

दत्तूमामा, तुला श्रद्धांजली वाहायची माझी लायकी नाही. नुसता नमस्कार करते.